कानउघाडणी

बँकेतली छत्तीस वर्षांची नोकरी संपवून आम्ही दोघं अलिबागजवळच्या नागावला वाडवडिलांच्या घरी राहायला आलो, तेव्हा माझ्या मनात एकच हिशेब होता. सकाळी दोन तास लिहायचं आणि संध्याकाळी पडवीत बसून गाणं ऐकायचं. नोकरीत असताना गाणं ऐकलं ते लोकलच्या गर्दीत, बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत, नाहीतर कॅश जुळेपर्यंत रात्री शाखेत थांबावं लागलं की खिशातल्या ट्रान्झिस्टरवर. ‘निवृत्त झालो की निवांत ऐकू’ म्हणून कॅसेटी जमवत गेलो. पुढे पुतण्याने त्यातल्या बऱ्याचशा संगणकावर उतरवून दिल्या आणि दोन ट्रंकांचा ऐवज नखाएवढ्या चिपवर मावला.

पण नागावात निवांतपणा मिळतो, ही शहरातल्या माणसाची समजूत आहे. समुद्राची गाज चोवीस तास चालू. वारा सुटला की सुरूची झाडं सूं सूं करतात, पाठोपाठ माडाच्या झावळ्या सळसळतात. शेजारच्या वाडीत पंप सुरू होतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात ती आपापले स्पीकर घेऊनच. मी आवाज वाढवायचो. मग आतून सौ.चा आवाज यायचा, “अहो, तंबोरा ऐकताय की गिरणी चालवताय?”

शेवटी पुतण्याच म्हणाला, “काका, कानात काहीतरी चांगलं घाला. तुमची शांतता तुम्हीच तयार करा.”

मला तेव्हा अलिबागची वेधशाळा आठवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा डॉ. नानाभॉय मूस यांच्यापुढे प्रश्न पडला. विजेच्या प्रवाहामुळे त्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवलं. इथली इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर अलिबागची उपकरणं सुखाने कामाला लागलेली होती. क्षीण गोष्ट ऐकायची असेल तर आधी गोंगाटापासून दूर जावं लागतं, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. आता गोंगाटच अलिबागला आला म्हटल्यावर मी कुठे जाणार? मला आपल्या कानांपुरतीच वेधशाळा बांधायची होती.

घ्यायचे ते वायरवालेच, हे मात्र मी आधीच ठरवलं होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. माड मोडले, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि पुढे बरेच दिवस अंधारात काढावे लागले. घरातलं चार्जिंगवर चालणारं सगळं एकेक करून गप्प झालं. चालू राहिला तो सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर आणि त्याला लावलेला वायरचा इअरफोन. वायरला चार्जिंग लागत नाही. शिवाय ब्लूटूथवर संगीत बहुतेक वेळा आवळून पाठवलं जातं, थोडं उशिराही पोचतं. वायरमध्ये असली काही भानगड नाही. बिनवायरचे आता पुष्कळ चांगले निघतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यांच्या आतली इवलीशी बॅटरी काही वर्षांत थकते आणि मग चांगला आवाजही कचऱ्यात जातो. वायरवाला जपला तर दहा वर्षं टिकतो. बँकेच्या माणसाला हे गणित लगेच पटतं.

एक अडचण होती. २०१६ मध्ये आयफोनमधून इअरफोनचं गोल भोक गेलं आणि हळूहळू इतर कंपन्यांनीही तीच वाट धरली. पुतण्या म्हणाला, “त्यात काय काका, एक बोटभर अॅडॉप्टर मिळतो.” हा अॅडॉप्टर म्हणजे निव्वळ जोड नसतो. फोनमधल्या आकड्यांचं पुन्हा आवाजात रूपांतर करणारं छोटं यंत्र त्यात असतं. तोही चांगला असावा लागतो, पण फार महाग असावा लागत नाही.

मग एके दिवशी मांडव्याहून बोट पकडून आम्ही मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडला पोचलो. दुकानदार तरुण होता. माझे पांढरे केस पाहून म्हणाला, “अंकल, बेस एकदम दणदणीत आहे यात.” त्याने कानात घालून दिला आणि माझं डोकं कुणीतरी ढोल समजून बडवायला घेतलं. मी म्हटलं, “बाबा, मला ख्याल ऐकायचाय. वरात नाही काढायची.” तो हसला आणि त्याने दुसरा खण उघडला. पुढचा तासभर आम्ही दोघांनी एकमेकांना बरंच शिकवलं.

या वस्तूंची मुख्य घराणी दोन आहेत. पहिलं इअरबडचं. हे कानाच्या पाळीतल्या वाटीत नुसते टेकतात, भोक बंद करत नाहीत. सोनीचा वॉकमन १९७९ साली आला आणि त्यामागोमाग काही वर्षांत हा प्रकार रुळला. बाहेरचं सगळं ऐकू येतं, कानाला हवा लागते, पण खालचे सूर निसटून जातात. दुसरं घराणं इन-इअरचं. यांच्या टोकाला सिलिकॉनची किंवा स्पंजची टोपी असते. ती कानाच्या नळीत बसते आणि बाटलीच्या बुचासारखी नळी बंद करते. बाहेरचा आवाज तुटतो, खर्ज भरून येतो. संगीतप्रेमींसाठी या घराण्याची पायवाट पाडली ती अमेरिकेतल्या मीड किलियन यांनी. ते मूळचे श्रवणयंत्रांतले तज्ज्ञ. बहिऱ्या माणसासाठी बनवलेला तो इवलासा ध्वनिक्षेपक त्यांनी रसिकांच्या कानासाठी वापरला आणि १९९१ साली त्यांच्या एटिमोटिक कंपनीने ‘ईआर-४’ नावाचा इअरफोन बाजारात आणला. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी केलेल्या कामातून जास्त ऐकू इच्छिणाऱ्यांची सोय झाली. मला ही गोष्ट फार आवडली.

कानाचीही एक गंमत मला तिथेच कळली. आपल्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि बासरीच्या नळीसारखी तीही घुमते. सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर ती आपोआप मोठे करते. तान्ह्या मुलाच्या रडण्यातली धार त्याच पट्ट्यात असते. नळीत बूच बसलं की हे नैसर्गिक घुमणं बदलतं. म्हणून चांगला इन-इअर बनवणाऱ्याला तेवढा उंचवटा परत घालावा लागतो. कमी घातला तर गायक घोंगडीआडून गातोय असं वाटतं, जास्त घातला तर ‘स’ आणि ‘श’ टाचणीसारखे टोचतात. हा उंचवटा किती असावा, खर्ज किती असावा, यावर हरमन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक श्रोत्यांना बसवून वर्षानुवर्षं प्रयोग केले. आज कित्येक उत्पादक त्या आलेखाकडे डोळा ठेवून आवाज जुळवतात.

आता किमतीचं. आम्ही माणसं आयुष्यभर ‘महाग ते चांगलं’ मानत आलो. पण येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं आणि किमती समोरासमोर मांडल्या, तेव्हा आवाजाचा आलेख आणि किंमत यांचा काहीच संबंध दिसेना. महागात धातू चांगला मिळेल, वायर बदलता येईल, डबी देखणी असेल. आवाजाची हमी मात्र पैसे देत नाहीत. मी शेवटी जे घेतले ते दीड-दोन हजारांतलेच. शेजारी वीस हजारांचा ऐकून पाहिला. फरक होता, पण तो अठरा हजारांचा नव्हता.

मग निवडायचं कसं? मला जे उमगलं ते सांगतो.

पहिली गोष्ट टोपीची. डबीत लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या जोड्या असतात. बहुतेक लोक मधली लावून मोकळे होतात. सगळ्या लावून पाहाव्यात. माझ्या डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी लागते. टोपी नीट बसली नाही तर खर्ज गळून जातो आणि आपण बिचाऱ्या यंत्राला दोष देतो. वायर कानावरून मागे वळवून घेतली, तर ती शर्टाला घासून होणारी खरखरही थांबते.

दुसरी गोष्ट परीक्षेची. दुकानात त्यांचं गाणं ऐकू नये. आपण तीस वर्षं ऐकलेली एखादी ध्वनिफीत न्यावी. आपल्या संगीतात तर परीक्षक आयता बसलेला असतो, तो म्हणजे तंबोरा. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा. तो पोकळ न वाटता भरीव ऐकू यायला हवा. जवारी चांगली लागली असेल तर षड्जाच्या तारांतून स्वयंभू गंधार उमटतो. गंधाराची तार नसतानाही तो येतो. हळू आवाजात तो ऐकू आला, तर समजावं की यंत्र प्रामाणिक आहे. नंतर डग्ग्याची मींड ऐकावी. ती ‘घुम्’ अशी वळत गेली पाहिजे. नुसतं ‘धप्’ झालं तर ते दुकानदाराचं ‘दणदणीत’. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं ऐकत असाल तर वरच्या सुरांना फार धार असलेला इअरफोन टाळावा. तो गायिकेच्या आधी सुईची खरखर ऐकवतो.

तिसरी गोष्ट फसगतीची. दोन इअरफोनांपैकी जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून मगच तुलना करावी. आणि खोक्यावर ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ असं छापलेलं असेल तर त्याने हुरळू नये. माणसाला तरुणपणीही २०,००० हर्ट्झच्या पलीकडे ऐकू येत नाही.

आणि म्हातारपणी? त्याचं उत्तर मला डॉक्टरांकडे मिळालं. नवी वस्तू घेतल्यावर मला वाटलं, एकदा कानही तपासून घ्यावेत. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी माझ्या कानाचा आलेख काढला. ३,००० हर्ट्झपर्यंत रेघ बरी होती, पुढे ती समुद्राकडे उतरणाऱ्या पाखाडीसारखी खाली खाली गेली. डॉक्टर म्हणाले, “वयाचा भाग आहे. थोडा मोठ्याने ऐकण्याचाही असेल.” मला वॉकमनवरचे लोकलमधले तास आठवले. गाडीच्या खडखडाटावर मात करायला मी आवाज किती वाढवत होतो!

डॉक्टरांनी मग जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगितला. मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकावं, त्यापेक्षा जास्त नाही. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. चक्रवाढ व्याज मी आयुष्यभर लोकांना समजावलं, पण ते असं उलटं फिरताना पहिल्यांदाच पाहिलं. कानाच्या आतल्या सूक्ष्म रोमपेशी जन्मतः मिळतात आणि गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे हे असं खातं, ज्यात भरणा करायची सोय नाही, फक्त काढता येतं. घरातल्या तरुण मुलांना हे अवश्य सांगा. त्यांची शिल्लक अजून मोठी आहे.

इथे बंद घराण्याची बाजू वरचढ ठरते. बाहेरचा गोंगाट टोपीनेच अडला की आवाज वाढवावा लागत नाही. उघडा इअरबड वाऱ्यात, गाडीत, रस्त्यावर आपल्याला नकळत मोठा करायला लावतो. म्हणून मी इन-इअरच घेतला आणि फोनचा आवाज अर्ध्याच्या खाली ठेवला. पहिल्याच संध्याकाळी सुरू, समुद्र, पंप, पर्यटक सगळे एकदम विझले आणि काळोखातून तंबोरा उगवला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वर्षं ऐकलेल्या गाण्यात गायक श्वास कुठे घेतो ते मला त्या दिवशी कळलं.

आमच्या किनाऱ्यावर या वस्तू सांभाळणं हेही एक कामच आहे. खारी हवा धातू खाते. वायरीतलं तांबं हिरवं पडतं, जॅकवर डाग चढतो. वापरून झालं की कोरड्या फडक्याने पुसून, औषधाच्या बाटलीत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डबीत मी ते ठेवतो. जाळीवर मळ साचला की एका बाजूचा आवाज बसतो आणि माणसाला वाटतं कानच गेला. पावसाळ्यात दमट कान तासन् तास बंद ठेवला तर आत बुरशी धरते, हेही डॉक्टरांनी बजावलंय. आंघोळ करून लगेच घालू नये, अर्ध्या तासाने काढून कानाला हवा द्यावी, दुसऱ्याचे वापरू नयेत.

एवढं सगळं शिकून मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. आणि श्रावणातली ती संध्याकाळ आली.

पाऊस नुकताच थांबला होता. मी पडवीत डोळे मिटून केसरबाई केरकरांची भैरवी ऐकत होतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरीची बाई, तिचा आवाज सूर्यमालेच्या कडेला पोचला, या कल्पनेनेच अंगावर काटा येतो. एकदा ऐकून समाधान होईना, म्हणून मी ती पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

खांद्यावर कुणीतरी हात ठेवला तेव्हा दचकून डोळे उघडले. शेजारची वहिनी समोर उभी, तोंड हलतंय, आवाज नाही. कानातून बुचं काढली तेव्हा शब्द आले, “भाऊजी, अहो किती हाका मारायच्या? वहिनी विहिरीपाशी पडल्यात!”

विहिरीजवळच्या दगडांना पावसात शेवाळ धरतं. सौ. जास्वंदीची फुलं काढायला गेली, पाय घसरला आणि हातावर पडली. ‘अहो, अहो’ म्हणून ती कितीतरी वेळ ओरडत होती. शेजारच्या वाडीतून वहिनीने ऐकलं, गड्याने ऐकलं. पडवीपासून विहीर चाळीस पावलांवर आहे. सूर्यमालेच्या टोकापर्यंत गेलेला आवाज मला ऐकू येत होता, आणि हा नाही.

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. अलिबागच्या दवाखान्यातून रिक्षाने परत येताना ती काहीच बोलली नाही. मीही बोललो नाही. घराशी आल्यावर एवढंच म्हणाली, “तुम्ही ऐकायला बसलात की घरात नसताच. आज पडले म्हणून कळलं इतकंच.”

मराठीत कानउघाडणी हा शब्द किती योग्य आहे! यंत्राचा दोष नव्हता. यंत्राने सांगितलं होतं ते काम चोख केलं होतं. मीच निवडताना टोपी पाहिली, खर्ज पाहिला, गंधार पाहिला, डेसिबल मोजले, पण माझ्या कानांवर आणखी कुणाचा हक्क आहे याची नोंदच खतावणीत केली नाही. कान बंद करायचे की उघडे ठेवायचे, हा या खरेदीतला पहिला प्रश्न. तो मी दुकानदाराबरोबर सोडवला, घरी विचारलंच नाही.

आता माझ्याकडे दोन्ही घराणी आहेत. आणखी काही शे रुपयांत मी साधे उघडे इअरबड आणले. दिवसा पडवीत तेच. खर्ज थोडा कमी लागतो, समुद्र मध्ये मध्ये ताल धरतो आणि वारा वाढला की मी आवाज न वाढवता गाणंच थांबवतो. पण कुणी ‘अहो’ म्हटलं की ऐकू येतं. बंद इन-इअर रात्री, घरातली सगळी कामं उरकल्यावर, आणि तेही तिला सांगून. “अर्धा तास कान बंद करतोय गं,” असं म्हणतो. पूर्वी ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणायचो, तसंच. तुमच्या घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल, किंवा तुम्ही रस्त्यावरून चालत असाल, तर उघड्याला पर्याय नाही. एकांतात हळू आवाजात बारकाईने ऐकायचं असेल तर बंदाला तोड नाही. एकच जोड घ्यायची असेल तर आधी घरच्या माणसाला विचारा, मग दुकानदाराला.

प्लास्टर निघायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी एवढं काय ऐकत होतात, मला ऐकवा तरी.” मी टोप्या पुसल्या, तिच्या कानाला लहान लागतात त्या बदलल्या, एका हाताने तिला जमेना म्हणून मीच वायर कानामागून वळवून दिली. भैरवी लावली. तिचे डोळे हळूहळू मिटले. समुद्राला भरती होती, रातकिडे ओरडत होते, आणि ती त्यातलं काहीच ऐकत नव्हती.

साडेतीन मिनिटांनी डोळे न उघडताच ती बोलली. कान बंद असलेलं माणूस मोठ्याने बोलतं. त्या आवाजाने शेजारच्या वाडीतला दिवा लागला.

“छान आहे हो! पुन्हा लावा!”

मी ‘लावतो’ म्हटलं. तिला ते ऐकू आलं नाही.